नमनाच्या आधी पंधरा मिनिटं गाणारा काउबॉय करायचाय. योडेल, दोर आणि विनोद यांबद्दल सल्ला हवा

खाडीपल्याड

नमस्कार मंडळी,

आमची वाडी गुहागर तालुक्यात. खाडीच्या अलीकडे की पलीकडे, ते तुम्ही कुठे उभे राहून बघता त्यावर. धंदा मांडव आणि साउंडचा. मे महिन्यात चाकरमानी आले की वाडीची पूजा होते आणि रात्री नमन, म्हणजे आमचं कोकणातलं लोकनाट्य. नमनमंडळी एकदा रंगपटात शिरली की लवकर बाहेर येत नाहीत. गौळणींच्या साड्या, मावशीचा अंबाडा, नमनातल्या विदूषकाची, संकासुराची, ती उंच टोपी, हे सगळं होईपर्यंत लोकांना जागेवर बसवून ठेवायचं काम माझ्याकडे, कारण माईक माझा. आजवर मी ते ‘हॅलो हॅलो’, देणगीदारांची यादी आणि हरवलेली पोरं यांच्या जोरावर निभावलं. यंदा अध्यक्ष म्हणाले, पंधरा मिनिटं घे, पडद्यापुढे काहीतरी करून दाखव, फक्त भाषण नको.

तर मी काउबॉय करणार आहे. गाणारा काउबॉय. हसू नका. म्हणजे हसा, पण लोकांनी कधी हसायचं तेच विचारायला आलोय.

वडील बोटीवर होते. ह्यूस्टनहून त्यांनी एक रुंद काठाची पांढरट हॅट आणली होती आणि एक कॅसेट. हॅट आईने कित्येक वर्षं पापडाच्या डब्यावर झाकण म्हणून वापरली. कॅसेट मी वापरली. रायडर्स इन द स्काय म्हणून नॅशव्हिलचे तिघे जण होते त्यात. गाणी सगळी जुनी, गुरं, चांदणं, घोडा, वाळवंट, आणि मधे मधे विनोद. इंग्रजी तेव्हा कळत नव्हतं, पण लोक कुठे हसतात ते ऐकू यायचं. एक जण मधेच टकटकटक असं काहीतरी सुरात वाजवायचा. ते वाद्य कुठलं, हे कोडं कैक वर्षं सुटलं नाही. मग यूट्यूब आलं तेव्हा बघितलं, तर तो बाबा स्वतःच्या गालांवर चापट्या मारून चाल वाजवत होता! टू स्लिम त्याचं नाव. तोंडाचा आ लहानमोठा केला की सूर वरखाली होतो. मी करून बघितलं. होतं. बायको म्हणाली, दवाखान्यात जाऊन या.

माझं पात्र असं: आमच्या सड्यावरचा, म्हणजे कातळाच्या माळावरचा, काउबॉय. डोक्यावर हॅट, पायात चिखलाचे गमबूट, गळ्यात गिटार (चिपळूणच्या ऑर्केस्ट्रात दोन मोसम वाजवली आहे, कॉर्ड येतात). हा गडी रात्री म्हशी राखतो आणि त्यांना झोपवायला गाणं म्हणतो. एक कडवं तयार आहे:

वर चांदणं, खाली कातळ,
पेज रातची झाली पातळ,
निज गं म्हशी, निज गं बाय,
उद्या कोंडवाड्यात दंड हाय!

आणि ‘हाय’वर योडेल, म्हणजे ते किशोरकुमारसारखं आवाज तोडून वर उडवणं.

आता अडतंय ते सांगतो. योडेल माझ्या तोंडून निघतं तेव्हा आमचा कुत्रा पडवीतून उठून जातो. ते शिकायचं कसं? दुसरं, दोराचा फास फिरवायची करामत करायची आहे. मांडवाचा नायलॉन दोर भरपूर आहे, पण तो फिरायचं नाव घेत नाही. आणि तिसरं, जे मला खरं खातंय: वाडीतली पोरं म्हणतात, गाणं मुद्दाम बेसूर म्हण, हॅट पाडून घे, लोक लोळतील. मला ते पटत नाही. पण का पटत नाही, ते पोरांना सांगता येत नाही. जाणकारांनी सांगावं.

मालवणचो दर्यो

घोडो खंय असा? आधी घोडो दाखव, मगे गाणा. नसलो तर दोन पोरांवर गोधडी घाल नि म्हस कर, तुझ्या गाण्यात म्हसच असा. आमच्या दशावतारात एक माणूस नि हातात काठी, तेवढ्यात रथ येता, घोडो येता, दर्यो पण येता.

नि बेसूर गावूचा नाय हां! आमच्याकडे हसवणारो नट पेटीवाल्याच्या कानाक बरो लागलो तरच उभो रवता. लोकांक हसवतलंस कसो, जर ते तुका कंटाळले?

जुनी तबकडी

खाडीपल्याड, तुमचा तिसरा प्रश्न पहिला घेतो, कारण तिथेच सगळं आहे.

ज्या तिघांची कॅसेट तुम्ही ऐकलीत त्यांनी १९७७ साली सुरुवात केली. तेव्हा अमेरिकेत गाणाऱ्या काउबॉयचे सिनेमे बंद होऊन वीस-पंचवीस वर्षं उलटली होती. या संगीताला कुणी विचारत नव्हतं, ते आजोबांच्या पिढीचं झालं होतं. या लोकांनी ते जसंच्या तसं उचललं. तीन आवाजांची बांधणी, फिडल (म्हणजे व्हायोलिनच), योडेल, सगळं जुन्या घराण्यासारखं चोख. आणि गाणं संपलं की अचरटपणा. त्यांचा म्होरक्या, रेंजर डग, हा या संगीताचा अभ्यासक. गाणाऱ्या काउबॉयांच्या इतिहासावर त्याचं स्वतःचं पुस्तक आहे. फिडल वाजवणारा वुडी पॉल एमआयटीचा डॉक्टरेट. म्हणजे स्टेजवर वेडगळ दिसणारी माणसं किती जाणती आहेत बघा. १९८२ साली ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या मानाच्या रेडिओ कार्यक्रमाने त्यांना सदस्य करून घेतलं, पुढे मुलांच्या गाण्यांच्या अल्बमांना दोन ग्रॅमी मिळाले.

त्यांचे कार्यक्रम लक्ष देऊन बघा. विनोद नेहमी गाण्याच्या कडेला असतो, गाण्याच्या पोटात नसतो. निवेदनात चेष्टा, पोशाखात चेष्टा, एकमेकांच्या खोड्या. ‘अमेरिकन तरुणाईचं दैवत’ अशी स्वतःचीच ओळख करून द्यायची आणि चेहरा सरळ ठेवायचा. पण सूर लागला की तिघेही आत. श्रोत्याला वाटतं, अरे हे तर खरंच गातायत! आधी हसलेला माणूस त्या क्षणी गप्प होतो आणि पुढच्या विनोदाला दुप्पट हसतो. बेसूर गाण्यावर हशा येतो एकदाच. दुसऱ्या कडव्याला लोक शेंगदाणे काढतात. पोरांना हे सांगा.

आता थोडा इतिहास, कारण तुमच्या ‘पडद्यापुढे पंधरा मिनिटं’ने मला गंमत वाटली. तुम्ही न ठरवता थेट व्हॉडव्हिल करायला निघाला आहात. अमेरिकेत १८८० नंतर पन्नासेक वर्षं हा प्रकार जोरात होता. न्यूयॉर्कमध्ये टोनी पास्टर याने १८८१ पासून बायकामुलांनी बघावा असा स्वच्छ कार्यक्रम सुरू केला. त्याआधीचे असे खेळ दारूच्या अड्ड्यांजवळचे. मग कीथसारख्या मालकांनी गावोगाव थिएटरांची साखळी बांधली. एका तिकिटात आठ-दहा ‘टर्न’: कसरतवाले, गायक, नकलाकार, कुत्र्यांचे खेळ, जादूगार. प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटं. पहिला नंबर बहुधा कसरत किंवा प्राणी, कारण लोक खुर्च्या शोधत असतात आणि शब्द कुणाला ऐकू येत नाहीत. सर्वांत मोठा कलाकार शेवटून दुसरा. आणि मागे नेपथ्य बदलायचं असलं की एखाद्या बोलक्या नकलाकाराला पुढच्या पडद्यासमोर उभं करायचं. मागे ठोकाठोक चालू, पुढे हा एकटा. जो पडद्यापुढे लोकांना धरतो तो कुठेही धरतो, असं तिथे मानत. तुमच्या मागे संकासूर टोपी बांधत असणार, एवढाच फरक.

न्यूयॉर्कचं पॅलेस थिएटर हे या धंद्याचं पंढरपूर. १९१३ ला उघडलं, १९३२ ला तिथे निव्वळ सिनेमे लागायला लागले. बोलपट, रेडिओ आणि मंदी, तिघांनी मिळून व्हॉडव्हिल मोडून टाकलं. पण माणसं कुठे जाणार? ती रेडिओवर आणि स्वस्तातल्या वेस्टर्न सिनेमांत गेली, आणि तिथे गाणारा काउबॉय आयता उभा राहिला. जीन ऑट्री १९३५ पासून नायक झाला. त्याच्या सिनेमांत त्याच्याबरोबर स्मायली बर्नेट नावाचा गोल गरगरीत विनोदी जोडीदार, हॅटचा पुढचा काठ वर दुमडलेला, आणि हा पठ्ठ्या वाद्यं तर ढीगभर वाजवायचा. हसवणारा माणूस चमूतला पक्का वादक, हे तेव्हापासूनचं.

आणि तुम्हाला जर मनातून वाटत असेल की कोकणातल्या माणसाने काउबॉय करणं म्हणजे सोंग, तर ऐका. ऑट्री रेल्वेत तारबाबू होता. रात्रपाळीत तार नसली की गिटार वाजवायचा. दोराच्या करामती करणारा गाजलेला विनोदवीर विल रॉजर्स एकदा तार करायला आला आणि त्याने गाणं ऐकून रेडिओवर जा म्हणून सांगितलं, ही गोष्ट ऑट्री आयुष्यभर सांगत राहिला. रॉय रॉजर्सचं खरं नाव लेनर्ड स्लाय, जन्म ओहायोतल्या सिनसिनाटी शहरात. ऑट्रीचं सिनेमा कंपनीशी मानधनावरून वाजलं तेव्हा १९३८ साली याला नायक केलं. त्याच्याबरोबर सन्स ऑफ द पायोनियर्स काढणारा बॉब नोलन कॅनडात जन्मलेला. वाळवंटातल्या वाऱ्यावर घरंगळणाऱ्या झुडपाचं त्याचं गाणं जगभर गाजलं. ते लिहिलं तेव्हा तो लॉस एंजलिसला गोल्फच्या मैदानावर लोकांच्या पिशव्या उचलायचा. ते झुडूपही मूळचं अमेरिकेचं नाही. रशियातून जवसाच्या बियाण्यात मिसळून आलेलं तण आहे ते, १८७० च्या दशकात. गुरं हाकत टेक्सासहून कॅन्ससच्या रेल्वेपर्यंत न्यायचा खरा जमाना १८६७ नंतरचा, जेमतेम वीस वर्षांचा. रेल्वे पसरली, काटेरी तार आली, संपला. मग उरलं ते सगळं तंबूतलं, स्टेजवरचं, पडद्यावरचं. गाणारा काउबॉय पहिल्यापासून सोंगच आहे, आणि फार देखणं सोंग आहे. तुम्ही सड्यावर नेलंत तर बिघडलं कुठे?

एक मात्र खरं, म्हशीला अंगाई हा विनोद वाटला तरी त्याला आधार आहे. रात्रीच्या राखणीला दोन स्वार कळपाभोवती उलट-सुलट दिशांनी फेऱ्या मारत आणि संथ काहीतरी गुणगुणत. अंधारात माणूस कुठे आहे हे गुरांना कळावं, अचानक बुजून उधळू नयेत म्हणून. बहुतेक वेळा चर्चमधली भजनं. म्हणून तुमचं कडवं अगदी हळू म्हणा. घाई केलीत तर म्हैस उठेल.

षड्ज-पंचम

योडेलबद्दल मी सांगते. मी गाणं शिकवते, आणि हा प्रश्न माझ्याकडे किशोरकुमारच्या कृपेने दर वर्षी एकदा तरी येतोच.

आपल्या छातीचा आवाज आणि वरचा पातळ आवाज, यांच्या मधे एक सांधा असतो. आपल्याकडे शिकवताना गुरू वर्षानुवर्षं हाच सांधा झाकायला लावतात, ऐकणाऱ्याला कुठे जोड आहे ते कळता कामा नये. योडेलमध्ये सगळं उलट: सांधा मुद्दाम उघडा टाकायचा आणि त्यावरूनच उडी मारायची. मींड नाही. खालचा सूर, तुटला, वरचा सूर. मधलं काही ऐकू येता कामा नये. म्हणून शास्त्रीय शिकलेल्यांना ते जड जातं आणि न शिकलेल्या गुराख्याला पटकन येतं. तुम्ही कुठल्या गटात ते तुम्हीच ठरवा.

करायचं असं. मंद्र पंचमावर ‘ओ’ म्हणा, भरदार, छातीतून. मग त्याच श्वासात मध्य गंधारावर ‘ई’, अगदी हलका, बायकी वाटला तरी चालेल. जोर लावून वर चढू नका. जोर लावला की आवाज तुटत नाही, ताणला जातो, आणि तुमचा कुत्रा उठतो तो त्यामुळे. खाली ‘ओ’ किंवा ‘आ’, वर ‘ई’ किंवा ‘ऊ’, हे स्वर ठरलेले ठेवा. त्यांनी निम्मं काम होतं. ‘यो-लो-ई-ऊ’ असं आधी सावकाश. एक उडी स्वच्छ आली की मग दोन. घसा दुखला तर त्या दिवशी बंद. सकाळी उठल्याउठल्या अजिबात नाही.

तुमच्या कडव्याबद्दल एक सुचवू का? ‘हाय’च्या ‘आ’वरून थेट वर उडी छान बसेल, पण ‘बाय’वर पण घ्या, अर्धीच. लोकांना एकदा हुलकावणी दिली की दुसऱ्यांदा वाट बघतात.

ऐकायचं असेल तर जिमी रॉजर्स ऐका. हा मिसिसिपीचा, रेल्वेत ब्रेकमन होता. क्षयाने काम सुटलं, मग गाऊ लागला. औषधं विकणाऱ्या फिरत्या तमाशांतही त्याने काम केलं होतं. १९२७ ते १९३३ एवढीच कारकीर्द, गेला तेव्हा पस्तीस वर्षांचा होता. आल्प्सच्या डोंगरातली हाक त्याने निग्रोंच्या ब्लूज गाण्यांच्या शेवटाला लावली आणि ऑट्रीपासून सगळ्यांनी आधी त्याचीच नक्कल केली. त्याच्या तबकड्या हिंदुस्थानातही पोचल्या. अनूपकुमारकडच्या जिमी रॉजर्स आणि टेक्स मॉर्टनच्या तबकड्या ऐकून किशोरकुमारने योडेल उचललं, असं सांगतात. म्हणजे तुमच्या वाडीतल्या लोकांच्या कानाला हा प्रकार नवा नाही, घरचाच आहे. त्यांना फक्त तो म्हशीसाठी ऐकायची सवय नाही.

हर्णै बंदर

दोराचं. नायलॉन सोडा. पीळ घातलेला कुठलाच दोर नको, मग तो सुंभाचा असो की रोपाचा. फिरवला की पीळ उलगडतो नाहीतर चढतो आणि गाठी पडतात. सुती पाहिजे आणि विणीचा पाहिजे, वेणीसारखा गोल विणलेला, आत सुताचा गाभा. जाडी करंगळीएवढी. लांबी सुरुवातीला पंधरा फूट पुष्कळ.

टोकाला डोळा करायचा, त्यातून दोर सरकून फास होतो. डोळ्याला थोडं वजन लागतं, तांब्याची तार गुंडाळा. हलका राहिला तर फास उघडाच राहत नाही.

मूळ करामत म्हणजे आडवा फास, जमिनीला समांतर, घोट्याच्या उंचीवर फिरणारा. हात कमरेजवळ, मनगट गोल. सगळ्यांचं चुकतं ते एकाच जागी. दोर मुठीत घट्ट धरतात. प्रत्येक फेऱ्याला दोरात एक पीळ बसतो, तो जाणार कुठे? बोटांत दोर सैल ठेवा, फिरू दे स्वतःभोवती. जाळं ओढताना आपण जसे धरतो त्याच्या बरोबर उलट. हे एक जमलं की बाकी नुसता वेळ द्यायचा.

मांडववाले आहात म्हणून सांगायला नको, पण ट्यूबा वर घ्या. आणि पुढच्या रांगेतली पोरं मागे सरकवा.

जुनी तबकडी

हर्णैकर, क्या बात है. दोर चुकला तर काय, हे मी सांगतो.

विल रॉजर्सचं नाव वर आलंच आहे. हा खराखुरा गुराखी, आजच्या ओक्लाहोमातला, चेरोकी रक्ताचा. १९०५ साली तो न्यूयॉर्कच्या व्हॉडव्हिलमध्ये उतरला तो मुका नंबर म्हणून: नुसता दोर, आणि स्टेजवर खरा घोडा, टेडी नावाचा. लाकडी फळ्यांवर घसरू नये म्हणून त्याच्या खुरांना नमद्याचे बूट! (मालवणचो दर्यो, घोडो मिळालो.) एकदा त्याने पुढची करामत काय आहे ते बोलून सांगितलं, तर त्याच्या गावंढळ हेलाला लोक खो खो हसले. तो आधी चिडला. मग शहाणा झाला आणि बोलतच राहिला. पुढे दोर राहिला बाजूला, देशभर लोक त्याचं बोलणं ऐकायला येऊ लागले. १९३५ ला अलास्कात विमान पडून गेला. तर सांगायची गोष्ट: फास चुकला की टाकायची वाक्यं त्याच्याकडे तयार असायची, आणि ती इतकी रंगायची की चुकला म्हणून लोक खूष. तुम्हीही अशी चार वाक्यं खिशात ठेवा. ‘म्हैस शहाणी, डोकं काढून घेतलं’ असलं काहीतरी. फक्त चुकवायचं म्हणून चुकवू नका, ते लगेच कळतं.

परळचा चाकरमानी

सगळं वाचलं. मजा आली, पण माझं मत वेगळं आहे. मी वर्षातून एकदा गावी येतो ते नमन बघायला. आधीच गणगौळण कापून कापून अर्ध्या तासावर आणली आहे, वगात सिनेमाची गाणी घुसली आहेत. मृदंग वाजवणारी पोरं मिळत नाहीत. त्यात आता अमेरिकेचा गुराखी? आपल्याकडे संकासूर असताना बाहेरून विदूषक कशाला मागवायचा? पंधरा मिनिटं आहेत तर एखाद्या म्हाताऱ्या खेळ्याला बसवा आणि जुनी गाणी म्हणवून घ्या.

खाडीपल्याड

दादा, म्हाताऱ्या खेळ्याला मी विचारलं होतं, खोटं नाही सांगत. म्हणाले, मला रंगपटात बसून विडी ओढू दे, माझं गाणं माझ्या वेळेला. त्यांचंही बरोबर आहे. नमनाच्या आधी नमनातलंच गाणं म्हणजे जेवायच्या आधी वाढप्याने भात खाऊन दाखवण्यासारखं.

आणि गणगौळण मी कापत नाही, वेळ कमी पडतो तो भाषणांनी. भाषणं माझ्या पंधरा मिनिटांत अडकली तर मूळ खेळाला तेवढा वेळ जास्त मिळेल, हा हिशोब अध्यक्षांपुढे मी मांडलेला नाही, इथेच सांगतोय.

मृदंगाचं मात्र तुमचं खरं आहे. म्हणून गिटारच्या जोडीला आमच्या मृदंगवाल्या पोराला घेतोय, घोड्याच्या टापा तो वाजवणार. ती वाजवताना त्याला हसू येतं हाच एक त्रास आहे.

परळचा चाकरमानी

मृदंगावर टापा असतील तर बघायला येईन. पुढच्या रांगेत नाही बसणार. हर्णैकरांनी घाबरवलंय.

जुनी तबकडी

अजून एक, आणि हे थोडं गंभीरपणे. जुन्या सिनेमांतून आणि तंबूच्या खेळांतून उचलताना एक गाळ आपसूक येतो: तोंडाला काळं फासून केलेली नक्कल आणि पिसं खोचलेला आरडाओरडा करणारा ‘रेड इंडियन’. तेवढं घेऊ नका, जरी पोरांनी हौसेने मागितलं तरी. खऱ्या गुराख्यांत काळे आणि मेक्सिकन भरपूर होते, दोर, खोगीर आणि निम्मी बोली मेक्सिकन व्हाकेरोंची, म्हणजे तिकडच्या गुराख्यांची आहे. हर्ब जेफ्रीज हा १९३७ पासून काळ्या प्रेक्षकांच्या थिएटरांसाठी गाणारा काउबॉय झाला, कारण त्या पोरांनाही पांढऱ्या हॅटचा आपला नायक हवा होता. तुमचा सड्यावरचा गडी त्याच रांगेतला समजा. आपल्या गमबुटांवर हसवा, दुसऱ्याच्या कातडीवर नको.

खाडीपल्याड

हे आधीच मनात होतं, बरं झालं स्पष्ट लिहिलंत. पिसंबिसं काही नाही.

क्रम असा लावलाय. पडदा बंद. अंधारात आधी नुसत्या टापा, मृदंगावर, लांबून जवळ येणाऱ्या (मागच्या स्पीकरवरून पुढच्यावर आणतो, एवढं तर आमच्या हातचं आहे). लोकांना वाटेल घोडा येतोय, आणि पडद्याच्या फटीतून येणार मी, गमबूट घालून, म्हशीचं दावं ओढत. दाव्याच्या दुसऱ्या टोकाला काही नाही. ते टोक शोधण्यात एक मिनिट. मग ओळख, सरळ चेहऱ्याने: ‘गुहागर ते चिपळूण, मधल्या सर्व थांब्यांवरील तरुणाईचं दैवत.’ हे रेंजर डगवरून उचललंय हे तुम्हालाच कळणार, बाकी कुणाला नाही.

मग दोर. विणीचा सुती मिळाला, डोळ्याला तार गुंडाळली. आडवा फास आता फिरतो, पण बोलायला लागलो की पडतो. विल रॉजर्सला दोन्ही एका वेळी कसं जमायचं देवाला ठाऊक. चुकल्यावरची वाक्यं सध्या मी फिरवण्यापेक्षा जास्त वापरतोय. मग गाल वाजवणं, फक्त अर्धा मिनिट, आरतीच्या चालीवर नाही, आधीच सांगतो, पुजाऱ्यांनी विचारलं होतं.

शेवटी गाणं. इथे एकही विनोद नाही. दिवे मंद, मृदंग बंद, गिटारच्या तीन कॉर्ड आणि कडवं हळू. ताईंनी सांगितल्याप्रमाणे ‘बाय’वर अर्धी उडी ठेवली आहे आणि ‘हाय’वर पूर्ण. ‘ओ’वरून ‘ई’ आता तुटतं, दहातून सहा वेळा म्हणा. आणखी दोन कडवी हवी आहेत. पोरं कोंडवाड्याच्या पुढे गोष्ट नेऊन म्हशीला ग्रामसभेत उभी करा म्हणतायत, मला ती रात्र सड्यावरच ठेवायची आहे. कुणाला सुचलं तर टाका इथे, मात्रा मोजून. चार-चार शब्दांच्या ओळी, आणि शेवटचा स्वर ‘आ’ पाहिजे, नाहीतर उडी कुठून मारू?

मालवणचो दर्यो

घे:

चांदणा पडला, वारो गार,
वाघरू सुटला डोंगरापार,
निज गे म्हशी, भियां नको गा,
तुझ्या आदी माका खायत मगा!

‘गा’ नि ‘मगा’ दोनय ‘आ’. मार उडी.